एक जूनची पत्रिका

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आली बाई एकदाची. सांबऱ्याच्या विमानतळावर मी अर्धा तास उभी, हातात पुठ्ठा, त्यावर इंग्रजीत नाव. इंग्रिड. हॉलंडची. साठीची, उंच, पांढरे केस बारीक कापलेले, पाठीवर हे एवढं ओझं. तिकडं तीस वर्षं लोकांच्या पत्रिका बघितल्या, त्यांच्या पद्धतीनं. आता आपलं ज्योतिष शिकायचंय म्हणून थेट वडगावात, आमच्या आप्पांकडं. माझा एक जुना विद्यार्थी तिकडं नोकरीला आहे, त्यानं लावून दिलेलं हे. तीन आठवडे राहणार, माडीवरच्या खोलीत.
मला वाटलेलं आप्पा नको म्हणतील. आजवर कुणाला शिकवलं नाही. मला, पोटच्या पोरीलाही नाही. (मी मागितलंही नाही म्हणा.) तर म्हणाले, "येऊ दे. हातानं गणित करत असली तर." शहाऐंशीव्या वर्षी हौस!
नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना. संध्याकाळपर्यंत तिची इंगळेबाई झाली. तिला आवडलं ते.
दुभाषी अर्थात मी. रिटायर झालेल्या बाईला काय काम असतं.

९ नोव्हें., रवि.
धडा मागाच्या खोलीत. आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात, विणायला बसायचे तसेच. माग थांबला त्याला अकरा वर्षं झाली, बसायची जागा तीच. इं. समोर चटईवर, मी दोघांच्या मधे. तिचा लॅपटॉप पहिल्याच दिवशी मिटला. दगडी पाटी दिली. पाटीवर कुंडली मांडायची, मग आप्पा विचारणार, "काय दिसतंय?" तिनं "दिसतंय" नाहीतर "न्हाय दिसत" म्हणायचं, मगच पुढं. एवढं मराठीतच हवं म्हणे. बाकीचं मी सांगायचं. झालं की आप्पा हातानं पाटी पुसतात. त्यांची सगळी गणितं आयुष्यभर अशीच, पाटीवर करायची नि पुसायची.
शेजारच्या पॉवरलूमच्या खटखटीत तिचं मोठ्यानं "न्हाय दिसत" ऐकून हसू फुटलं मला. बऱ्याच दिवसांनी.
चौतीस वर्षांत इथं पत्रिका चालू असताना मी बसलेली नाही. चहा ठेवायचा नि बाहेर. मी हे मानत नाही. मानत नाही तर बसायला काय हरकत होती, ते मात्र सांगता येत नाही.

१३ नोव्हें., गुरु.
उचगावचं जोडपं आलतं. मुलीला स्थळ आलंय, जुळतंय का बघा. मुलगा अडतीस वर्षांचा, तारीख १ जून. आप्पांनी कागद परत सारला. म्हणाले, "ही तारीख हेडमास्तरची हाय. पोराची आणा."
इं.ला कळेना. मी सांगितलं. आमच्याकडं एका पिढीचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेत. बाप नाव घालायला शाळेत यायचा, तारीख विचारली की म्हणायचा, लिवा काय तरी. शाळा जूनला उघडणार, पोरगं तेव्हा वयात बसायला हवं, की टाकली एक जून. मीही टाकल्यात. नवीन नोकरी, एका सकाळी रांगेनं नऊ पोरं, नऊ एक जून. इं. हसून हसून चटईवर आडवी. मग उठून बसली, वहीत लिहून घेतलं.
खरा दिवस कसा काढायचा तेही आप्पांनी दाखवलं. त्या दोघांना म्हणाले, मुलाच्या आईला विचारा, कळा आल्या तेव्हा रानात काय होतं? सण कुठला जवळ होता? ऊन कुठवर आलतं? आईच्या ध्यानात तारीख नसते, हे असतं. त्यावरून पंचांग मागं मागं चाळत जायचं.
ते गेल्यावर पाटी पुसता पुसता बोलले, "खोट्या तारखेची पत्रिका लई गोड निघती. तिच्यात कुणी मरत न्हाय."
हे मी इं.ला सांगितलं नाही. का कोण जाणे.

१४ नोव्हें., शुक्र.
ह्यांचा वाढदिवस १ जून.
मला काय आज कळलं? लग्नानंतर एकच आला, शिरा केलता. कुणीतरी खरंच एक जूनला जन्मतंच की, असं म्हणत आले मनाशी. रजिस्टरं भरणारी मी, नि घरातलीच तारीख कधी उलटून बघितली नाही.
पत्रिका आप्पांनीच जुळवलेली. छत्तीसांतले अठ्ठावीस गुण. चौदा महिन्यांनी संकेश्वरच्या अलीकडं उसाच्या ट्रकनं ह्यांची गाडी उडवली. सत्तावीसची मी. निपाणीहून पेटी उचलून परत माहेरी, या घरात.
आप्पांनी काल उचगावकरांना सांगितलं ते तेव्हा निपाणीकरांना सांगितलं होतं का? इतकी वर्षं मी म्हणत आले, पत्रिकाच थोतांड, मग आप्पांवर कसला राग. पण त्यांचा तर विश्वास होता. त्यांनी एक जून कशी धरली? परक्याच्या पोरीसाठी धरत नाहीत नि
भाकरी करपतेय.

१७ नोव्हें., सोम.
जेवताना इं. बोलली. एकुलता मुलगा, योनास. एकोणतीसचा. मित्रांबरोबर शिडाच्या बोटीनं जाणार होता. फोन करून म्हणाला, आई, बघ गं, जाऊ का? लहानपणापासूनची सवय त्याची, थट्टेनं विचारायचा. तिनं बघितलं, म्हणाली जा, दिवस चांगले आहेत. तिसऱ्या दिवशी बुडाला.
पाच वर्षं झाली. तेव्हापासून तिकडच्या पद्धतीची एकही पत्रिका तिनं मांडली नाही. तिला वाटतं पद्धत कमी पडली, आपल्या पद्धतीत दिसलं असतं. म्हणजे ती शिकायला आलेलीच नाही. तिला आप्पांकडून एकच ऐकायचंय: त्याच्या पत्रिकेत होतं का नव्हतं. जन्मवेळ दवाखान्यातली, पहाटे चार सतरा. मधे हेडमास्तर नाही.
विचारलं, होतं म्हणाले तर?
म्हणाली, तर माझी चूक.
नि नव्हतं म्हणाले तर?
तर कुणाचीच नाही.
मग मीही माझं सांगितलं. ट्रकचं. एक जूनचं नाही सांगितलं.

१९ नोव्हें., बुध.
इं.नं आज योनासचं विचारलं. आप्पा ताडकन म्हणाले, "गेलेल्याची पत्रिका मांडत न्हाय मी. कुणाचीबी." 'कुणाचीबी' म्हणताना बघत होते माझ्याकडं. इं.ला सांगितलं. तिनं पाटी पुढं ओढली, धडा चालू. डोळे पुसायलासुद्धा थांबली नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
निपाणीला जाऊन आले. नणंदेला, आक्कांना भेटायला. चौऱ्याहत्तरच्या, गुडघे गेलेत, एकट्याच असतात. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, ह्यांचा जन्म जूनचा का हो?
"जून? कोण म्हणालं? तंबाखूची काढणी चालू हुती. आई रानातनंच घरला आली. शिवरात्रीचा आदला दिवस, दिवे लावायच्या वक्ताला. मी पाणी तापवलंतं की."
मग आपण होऊनच म्हणाल्या, "तुझ्या आप्पांना ठावं हाय. बघायला आलते तवा त्यांनी हेच सगळं आईला इचारलं, वहीत लिवून घेतलं."
विचारलं होतं म्हणजे. सांगितलंही होतं.
आक्का जेवून जा म्हणत होत्या. थांबवेना. स्टँडवर येऊन दोन बस सोडल्या, उठायचं सुचेना.

२२ नोव्हें., शनि.
आप्पांच्या जुन्या वह्या फडताळात. दुपारी ते झोपल्यावर आमच्या लग्नाच्या सालची काढली. आहे. 'निपाणी. मुलगा. तंबाखू काढणी. शिवरात्र आदला दिवस. दिवेलागण.' आप्पांचंच अक्षर. खाली कुंडलीचा चौकोन आखलाय. आत एकही ग्रह नाही. पलीकडच्या पानावर १ जूनची कुंडली, भरलेली, अठ्ठावीस गुण, खाली रेघ.
मोकळ्या चौकोनाला काय म्हणायचं? मांडलीच नाही म्हणायचं, की पाटीवर मांडली, बघितली नि पुसली?
चौतीस वर्षं या माणसाला गरम पाणी, गोळ्या, मऊ भात. लई राग आलाय.

२४ नोव्हें., सोम.
सगळं आजच व्हायचं होतं.
सकाळी इं.नं पाटी आप्पांपुढं ठेवली. योनासची कुंडली, तिनंच मांडलेली, गणित चोख. विचारलं काहीच नाही, नुसती ठेवली. आता हाकलतात असं वाटलं मला. तर पाटी मांडीवर घेतली. किती तरी वेळ बघत होते. मग तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघून बोलले, "दिसतंय की. आंधळ्यालाबी दिसंल. पण आईला कसं दिसावं? सांग तिला, न्हाय दिसत."
मी इंग्रजीत सांगितलं, आप्पा म्हणतात यात काही नाही.
तिनं डोळे मिटले, मान हलवली. स्वतःच्या तळव्यानं पाटी पुसली नि माडीवर गेली.
मग मी दार लोटून विचारलं. आक्का काय म्हणाल्या, वही सापडली, सगळं. "आप्पा, ह्यांची खरी पत्रिका मांडलीत का तुम्ही?"
खड्ड्यात त्यांचे पाय हलत होते, माग चालवायच्या पावड्यांवर असल्यासारखे. पावड्या तर कधीच्या काढून टाकल्यात.
"न्हाय मांडली," म्हणाले. "चहा देताना तू त्याच्याकडं बघून हसलीस. पोरगं चांगलं हुतं. चौकोन आखला नि म्हटलं, कशाला? एक जून धरली."
"खरं सांगताय?"
"व्हय गं, सुमे."
घटकाभरापूर्वी याच तोंडानं मला खोटं सांगायला लावलं. त्याच आवाजात. इतक्याच मायेनं. आता मी काय धरू?
खांदे धरून हलवावं वाटलं म्हाताऱ्याला. नाही हलवलं. भाकऱ्या जाड झाल्या, तशाच वाढल्या. खाल्ल्या त्यांनी.

२६ नोव्हें., बुध.
धड्याला आप्पांनी विचारलं, "काय दिसतंय?" इं. म्हणाली, "दिसतंय."
तिला हा शब्द येतो! मराठीतले दोनच शब्द येतात, त्यातला हा एक. सोमवारी आप्पांच्या तोंडून पहिला तोच निघालेला. मी बाजूला बसून उलटं सांगितलं नि ती मान हलवून गेली.
दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत होते. काही कळत नाही. कढी दोनदा मागून घेतली.

२९ नोव्हें., शनि.
इं. गेली. रिक्षापर्यंत आप्पा काठी टेकत आले, आजवर कुणासाठी आले नव्हते.
जायच्या आधी म्हणाली, दक्षिणा म्हणून एक पत्रिका मांडून जाते, आप्पांच्या पद्धतीनं, हातानं. तुझ्या नवऱ्याची. जन्मतारीख सांग.
शिवरात्रीचा आदला दिवस, दिवेलागण. जिभेच्या टोकावर होतं. खड्ड्यात आप्पा मान खाली घालून बसलेले. त्यांचे कान बघितले मी, म्हातारपणी केवढे मोठे झालेत.
म्हटलं, एक जून.
तिची पेन्सिल थांबली. माझ्याकडं बघितलं. उचगावकरांच्या दिवशीचा धडा तिनं वहीत लिहून घेतलेला, मीच समजावलेला. मग तिनं पाटीवर १ जून लिहिलं नि तासभर गणित केलं, एकही आकडा न चुकवता.
आप्पांनी विचारलं, "काय दिसतंय?"
पाटीकडं न बघता, माझ्याकडं बघत ती म्हणाली, "न्हाय दिसत."
"बरोबर," आप्पा म्हणाले.
रिक्षात बसताना तिनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. विचारायचं होतं, सोमवारी तुला काय ऐकू आलं. नाही विचारलं. तिनंही मला काही विचारलं नाही.
आता पाटी इथंच आहे, पुसलेली नाही. फडताळातली वहीही बाहेर काढून ठेवलीय, तो मोकळा चौकोन वर करून. तीन आठवडे दोघांच्या मधे बसून गणित मलाही यायला लागलंय. त्या सालचं पंचांग आप्पांच्या उशाशी असतं. मागितलं तर देतील, नाही म्हणणार नाहीत.
आप्पा जेवायला हाक मारतायत. पेन्सिल वहीत ठेवून उठते.