सहा तारा आणि अण्णांचे कान

लातूर, २० जुलै २०२५

चि. अंबिकास शिवप्पाचे अ. उ. आ. फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं, आणि हे काही घरात ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून टपालानं लिहितोय.

नातू वीरेश पंधरा ऑगस्टला पुण्याहून येतोय. त्याची गिटार दोन वर्षं कपाटावर पडून आहे, तारा गंजल्यात. म्हटलं, तो यायच्या आत नव्या चढवून ठेवू. मठातल्या भजनाचा तंबोरा मी चाळीस वर्षं लावतोय, सहा तारांचं ते काय एवढं! जुन्या तारा एकदम काढल्या, तर घोडी धपकन आत बसली. मागचं झाकण उघडलं, तर आत स्प्रिंगा. वाद्याच्या पोटात स्प्रिंगा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. कशाबशा नव्या तारा चढवल्या. तंबोऱ्याचा सूर खुलायला सारतात तसा घोडीवर तारेखाली दोराही सारून बघितला, तर तार नुसती घुसमटली.

खरं दुखणं पुढंच आहे. पहिली तार पेटीच्या सुराला अगदी बरोबर लावली. बाकीच्या पाच लावून परत आलो, तर पहिली उतरलेली. ती चढवली, तर बाकीच्या उतरल्या. चार दिवस हेच चाललंय, दोनदा लावतो आणि वैतागून ठेवून देतो. मग आधी चुकीचं ऐकलं, की आता ऐकतोय? आपल्या आप्पांचे कान साठीत गेले, तुझे पन्नाशीत. मला अडुसष्टावं लागलंय. परवा तंबोरा लावला तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण मला बोलणार कोण? अठ्ठावीसला श्रावणातला पहिला सोमवार, मठ भरलेला असेल. फार भीती वाटते. तुझ्या उमावहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर टाक.
तुझा अण्णा

नांदेड, २४ जुलै

ती. अण्णांस अंबिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू जिरलं. गिटार बिघडली, कान बिघडले, की तुम्ही तिला शिलाई मशीनसारखं तेल पाजलंत? खरं सांगा. मलाही काही उमजेना. माझे कान जात होते तेव्हा मला कुठं कळलं? कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपली, तेव्हा सुनेला कळलं.

माझी नात पुनम म्हणते की इथं हरिओम नावाचा एक जण गिटारी दुरुस्त करतो. रविवारी तिच्याबरोबर जाते. तोवर तंबोऱ्याचं काही ठरवू नका. तुमचं नेहमी उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!

वहिनींना नमस्कार. बहिणीचं एकदा तरी ऐकावं, ही वि.
अंबिका

लातूर, २८ जुलै

चि. अंबिकास अ. उ. आ.

पत्र शनिवारी मिळालं. थांबणार होतो गं. पण काल गिटारच्या मानेजवळ तीन चिमटे ढिले दिसले, ते किल्लीनं आवळले. मग खुंटी पिळली. अर्धा फेरा, एक फेरा, दोन फेरे. सूर तसूभर हलला नाही! खुंटी फिरतेय हे डोळ्यांना दिसतंय आणि कानाला काहीच कळत नाही. आता कसला संशय राहिला?

आज मठात सगळ्यांसमोर तंबोरा शरणप्पाच्या हाती दिला. वय झालं, एवढंच म्हणालो. तो नको नको म्हणत होता, म्हणत होता की अण्णा, तुम्ही हाय तवर माझी काय टाप. स्वामींनी मला शाल घातली. घरी येऊन ती घडी न मोडता ठेवून दिली. जेवण गेलं नाही.

आशीर्वाद द्यायला अण्णा आहे, एवढं समज.
शिवप्पा

नांदेड, २९ जुलै

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

काल उपवासाच्या गडबडीत लिहायला जमलं नाही. हरिओमनं जे सांगितलं ते पुनमनं मला वहीत उतरवून दिलं, तेच कळवते. त्या गिटारची घोडी पक्की बसवलेली नसते, तरंगती असते. तारा एकीकडून ओढतात, स्प्रिंगा दुसरीकडून. एक तार चढवली की घोडी कलते आणि बाकीच्या उतरतात. सगळ्यांचंच असं होतं! म्हणून एक जुनी काढून लगेच एक नवी चढवायची असते. तुम्ही सगळ्या काढल्यात, आता सहाही तारा पुन्हा पुन्हा लावत फेऱ्या घ्या. पाच-सहा फेऱ्यांत चूक कमी होत जाते. मानेजवळचे चिमटे अगदी शेवटी आवळायचे. ते आवळले की खुंटी कितीही पिळा, सूर हलत नाही. मग घोडीवरच्या बारीक स्क्रूंनीच जुळवायचं.

हरिओम विचारत होता की एवढी बारीक उतरण नुसत्या कानानं ओळखणारे हे कोण? तो स्वतः यंत्र लावून बघतो. अण्णा, कान गेलेल्याला तार उतरलेली कळली असती का? देवासारखे कान आहेत तुमचे. तंबोरा कुणाला देऊ नका.

जीव टांगणीला आहे, दोन ओळी तरी लिहा.
अंबिका

लातूर, १२ ऑगस्ट

चि. अंबिकास अ. उ. आ.

आपल्या पत्रांची वाटेत चुकामूक झाली. तुझं वाचलं आणि लगेच चिमटे ढिले केले. तीन फेऱ्या शिव्या देत घेतल्या, सहाव्या फेरीला सहाही तारा जागेवर आल्या. मी हसलो, मग रडलो. उमाला वाटलं, म्हातारा फिरला.

पण तंबोरा गेला होता. चार तारखेला मठात मागं जाऊन बसलो, तर शरणप्पाचा पंचम उतरलेला. बेसूर ऐकून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता! परत मागावासा वाटला, खोटं कशाला सांगू. पण तीस वर्षं माझ्या मागं टाळ धरणारा माणूस पहिल्यांदा पुढं बसलेला. कसा फुलला होता! त्याच्याकडून परत मागायला जीभ रेटेना.

मठाची एक किल्ली अजून माझ्याकडंच आहे. काल भजनाच्या तासभर आधी गेलो, तंबोरा लावला आणि गवसणी घालून होता तसा ठेवला. शरणप्पानं तार छेडली, जरा थबकला आणि खुंटीला हात न लावता गायला बसला. भजन उठल्यावर मंडळी त्याला म्हणत होती की तुमचा हात लई गोड हाय, अण्णांच्या टायमालाबी तंबोरा असा लागत नव्हता.

मी पार मागं दाराशी होतो, तरी शब्दन् शब्द ऐकू आला.

तुझाच,
अण्णा