बाईंच्या वडिलांचं नाव

४ मे
आजही अनिकाचा चेलो, ते मोठं व्हायोलिन, पेटीतच! मी बोलतेय, फोन लिहितोय. मला अक्षर येत नाही, त्याला चहा लागत नाही — जोडी बरी जमलीय.

नातीला जर्मनीतल्या त्या जुन्या कन्झर्व्हेटरीत, संगीताच्या शाळेत शिकायचंय. मुलाखत तोंडावर आलीय. आणि तिच्या रूथबाईंनी शिकवणंच बंद केलं! "तिथं जाणार असशील तर माझ्याकडे येऊ नकोस." एवढीशी होती तेव्हापासून शिकवलं हो हिला त्यांनी.

५ मे
अनिकानं आज कारण सांगितलं. बाईंचे वडील, एमिल झिल्बर, त्याच शाळेत चेलो शिकवायचे. हिटलर आला, ज्यू म्हणून त्यांना हाकलून दिलं.

मग पोरीनं शाळेचा इतिहास वाचून दाखवला. कुणा राजानं काढली, हॉल कसा बांधला, बॉम्ब पडून कसा जळला — सगळं ऐसपैस. हिटलरची वर्षं मात्र एका ओळीत: 'कठीण काळ.' एमिलचं नाव कुठेच नाही. आमच्या कांचनवन्संसुद्धा सासूचा विषय निघाला की अश्शाच एका ओळीत आटपायच्या!

७ मे
जेवत नाही. "आजी, प्लीज. बाईंशिवाय मी वाजवूच शकत नाही." सून म्हणते, "टीनएजर्स असेच असतात, आई." असेच? पोर सुकत चाललीय! देवाला टोमणे मारून झाले. तोही ढिम्म.

९ मे
लॅपटॉपवर मुलाखत झाली. मी दाराआड. इंग्रजी कामापुरतं कळतं मला.

"कुणाकडे शिकलीस?" पोरीनं रूथबाईंचं नाव घेतलं, मग एमिल झिल्बरांचं — आणि दोन्ही वेळा कानाला हात लावला. सवय माझीच. आपल्याकडे गुरूचं नाव असंच घेतात ना! त्या लोकांना वाटलं, हिला ऐकूच येत नाहीये. "हॅलो? हॅलो?" करत बसले.

"ऐकू येतंय मला," अनिका म्हणाली. "ते तुमच्याच शाळेत शिकवायचे. तुम्ही त्यांना काढलंत."

तिकडून "थँक यू" — आणि पडदा काळा.

संपलं! माझ्या शिकवणीनं पोरीचं वाटोळं केलं.

१० मे
भिंतीकडे तोंड करून पडलीय. काय करू?

१६ मे
शाळावाले नाही म्हणाले.

संध्याकाळी रूथबाई आल्या, काठी टेकत. शाळेनं त्यांना मेल करून वडिलांबद्दल विचारलंय म्हणे. बूट न काढता आत शिरल्या, अनिकाच्या पलंगावर बसल्या. म्हणाल्या, "दाखव मला. त्यांचं नाव घेताना हात कसा लावलास?"