बुरुजावरची सावर

शिरगाव,
चैत्र, १९६६

प्रिय दमू,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन हल्ली आमच्या दारात सायकलची घंटा वाजवत नाही, पत्र उंबऱ्यावर ठेवून गुपचूप निघून जातो. नवरा गेलेल्या बाईच्या दारात घंटा कशी वाजवावी, असं त्याला वाटत असेल. तू लिहिलंयस की तुझ्या आप्पांच्या पत्रातून हिराजीचं कळलं तेव्हा तुझ्या हातातली बाळाची वाटी खाली पडली. पुढे लिहिलंयस, लाडके, मनात साठवून ठेवू नकोस, लिहीत जा, आणि काहीच सुचलं नाही तर आपल्याकडचा वसंत लिही, नाशकात मला त्यातलं काही दिसत नाही. असलं पत्र तूच लिहू जाणेस! मी शाळेसाठी दातिवऱ्याहून शिरगावला मामाकडे राहिले तेव्हा सातवीपर्यंत माझ्या शेजारी बसून माझेच निबंध टिपलेस आणि मार्क मात्र माझ्यापेक्षा जास्त मिळवलेस. तर हा घे तुझा निबंध. माझं तुझ्याकडे एक मागणं आहे, पण ते आधी लिहिलं तर बाकीचं तू वाचणार नाहीस, म्हणून शेवटी लिहिते.

वसंत आलाय, दमू, आणि मला त्याचा राग येतो. आंब्यांचा मोहर गळून कैऱ्या धरल्या आहेत. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या आहेत. डोंगराकडच्या बाया टोपल्यांतून मोहाची फुलं घेऊन पालघरच्या बाजाराला उतरतात आणि त्यांच्या मागे तो गोड आंबूस वास रस्ताभर राहतो. स्टेशनवरून गावाकडे येणारे टांगे तसेच, टांगेवाल्यांची भांडणंही तशीच. मिठागरांत मिठाचे ढीग इतके पांढरे की दुपारी तिकडे बघवत नाही. तुमच्या आळीतल्या वाड्यांत पानवेलींना पाणी सोडलं की संध्याकाळी तिथून थंड वारा येतो, तो अजून येतो. किल्ल्यातला फांद्या फुटलेला ताड जागेवर आहे. मास्तर त्याला रावण म्हणायचे आणि तू त्याची डोकी मोजायचीस, दर वेळी वेगळी. कोकीळ पहाटेपासून ओरडत असतो. सासूबाई उठून त्याला दगड मारतात. मी त्यांना अडवत नाही.

तिकडे तारापूरला अणुविजेच्या केंद्राचं काम जोरात आहे. बोईसरला घाटावरची, मराठवाड्यातली माणसं बिऱ्हाडं करून राहिली आहेत. त्यांच्यातल्या बाया पुळणीवर येऊन समुद्राकडे टक लावून बघत बसतात, आणि बोंबील वाळताना बघून नाकाला पदर लावतात. तिथं म्हणे एक धुराडं उभं राहतंय, आपल्या कुठल्याही माडापेक्षा उंच. नाक्यावर सगळे म्हणतात की खोल समुद्रातूनही ते दिसेल आणि पुढे सगळे तांडेल होडी हाकताना त्याचीच खूण धरतील. धरोत. त्याला तरी कुणी होळीसाठी तोडणार नाही.

तू विचारलंयस, बाळाची होळी कशी झाली. दमू, तुझ्या बाळाच्या होळीएवढी उंच होळी गावाने कधी पाहिली नव्हती. ज्याच्या घरी पहिला नातू जन्मला त्याच्या वाडीतलं झाड होळीला लागतं, हा आपल्या गावचा मान तुला माहीतच आहे. आप्पांच्या तर घरात तुझ्याशिवाय दुसरं पोर नाही, आणि माई गेल्यापासून त्या घरात हसूही नव्हतं. तुझा मुलगा झाला आणि ते परत माणसांत आले. गावाने त्यांच्याकडे पोफळ मागितली होती. आप्पा म्हणाले, "पोफळ सगलेच देतात. माझ्या दमूच्या पोराची होळी हाय, सावर न्या." विहिरीमागची ती सावर. अंगावर पान नाही आणि शेंड्यापर्यंत नुसती लाल फुलं, अशी ऐन भरात असताना होळीच्या आदल्या दिवशी ती तोडली. ढोल वाजवत सगळ्या गावाने ती खांद्यावरून नेली. हे मला लोकांनी सांगितलं. आईला ताप भरला होता म्हणून मी माहेरी, दातिवऱ्याला होते, आणि होड्या समुद्रात होत्या.

आता मी तुला एक जुनी गोष्ट सांगणार आहे. हिराजीने मला शपथ घातली होती म्हणून आजवर सांगितली नाही. नाहीतर तुझ्यापासून मी काय लपवलंय? लग्न झाल्यावर त्याने मला दातिवऱ्याहून होडीतूनच आणलं होतं. तेव्हाही फाल्गुनच होता. मला समुद्र लागला होता, मुंडावळ्या भिजल्या होत्या आणि नवऱ्याच्या होडीत ओकायचं नाही म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसले होते. शिरगाव जवळ आलं तसं त्याने माझी हनुवटी धरून मान किनाऱ्याकडे वळवली. म्हणाला, "त्यो उत्तरेचा बुरूज बघ. आन् त्याच्या डोक्यावर ती लाल सावर. बाईच्या अंबाड्यात फूल असावं तशी. ती तशी दिसते तवर आपली वाट बरोबर हाय. जरा इकडंतिकडं झाली की खाली खडक." प्रत्येक तांडेलाची आत शिरायची खूण वेगळी असते, कुणाचा देवळाचा कळस, कुणाचा माड. बाप ती मुलाला दाखवतो आणि बाहेर कुणी बोलत नाही. हिराजीचा बाप तर केव्हाच गेला होता. म्हणजे ही खूण त्याला ठाऊक आणि, त्याच्या बोलघेवड्या स्वभावामुळे, मला. मी तेव्हा एवढी आजारी असून हसले. म्हटलं, अरे, ती तर आमच्या दमूच्या विहिरीमागची सावर. तो म्हणाला, मग झालं, म्हायेर दिसलं तुला.

होळीच्या संध्याकाळी बाकीच्या होड्या आपापल्या वाटांनी आल्या. हिराजीची मागे राहिली होती. सूर्य बुडत होता तेव्हा ती खडकावर आपटून फुटली. त्याच्या होडीवरचे बाकीचे पोहून निघाले. सुकाणू धरून बसला तो एकटाच राहिला. मला निरोप मिळाला आणि मी माकुणसारपर्यंत बैलगाडीने, पुढे मिळेल त्याने, अशी घरी पोचले. गावात शिरताना तुमच्या वाडीवरचं आभाळ मोकळं मोकळं वाटलं, पण तेव्हा मला माझीच शुद्ध नव्हती. त्याचं दहन झाल्यावर होडीवरचा नथू माझ्यासमोर बसून रडत होता. म्हणाला, "वयनी, तांडेल लय खुशीत होता. बोलला, सावर दिसली रं, होळीला पोचलो आपण. आन् होडी वलवली." नथूला वाटतं, हिराजीला मरणाआधी भास झाला. सावर तर होळीच्या मैदानात उभी होती, मग याला दिसली कुठून?

त्याला भास झाला नव्हता, दमू. त्याने पांगारा पाहिला. तुझ्या चुलतभावाच्या, बळवंतच्या कुंपणातला पांगारा, सावरीपासून जेमतेम दोन वाड्या सोडून. तोही याच दिवसांत असाच लाल होतो. मी दुसऱ्या दिवशी पुळणीवर जाऊन बघितलं. सावरीची जागा रिकामी आणि तो एकटा पेटल्यासारखा उभा. मावळतीच्या उजेडात समुद्रातून कुणीही फसेल. आणि तो बुरुजाच्या डोक्यावर आणायचा तर होडी खडकांवरूनच आणावी लागते. बाकी कुठल्या महिन्यात पांगारा कुणाला दिसलाही नसता. म्हणून मला वसंताचा राग येतो.

हे गावात कुणालाही माहीत नाही. सासूबाईंनाही नाही. त्या म्हणतात, दर्याने नेला. सगळे तेच म्हणतात आणि मी मान हलवते. आणि आप्पाही तेच म्हणतात. दमू, ते रोज येतात. संध्याकाळी काठी टेकत आमच्या आळीत येतात, कोळ्यांच्या आळीत एवढ्या वर्षांत कधी बसले नसतील ते आता आमच्या ओट्यावर बसतात. कधी वेलची केळी आणतात, कधी वांगी, कधी पानांची चवड, जसं काही मी आता विडा खाणार आहे. म्हणतात, "पोरी, तू नि दमू मला काय वेगळ्या हाव? मी जिता हाय तवर तुला काय कमी नाय." लहानपणी मी तुमच्याकडे आले की तुझ्या पानात पडेल तेच माझ्या पानात पडायचं, ते मी विसरले नाही. म्हणून मी त्यांना पाणी देते. त्यांचे हात बघते. त्या हातांनी त्यांनी सावरीला पहिला घाव घालण्याआधी हळदकुंकू वाहिलं होतं म्हणे. मला त्यांचा राग येत नाही असं मी लिहिणार नाही. येतो. ते उठून जाईपर्यंत मी आतल्या आत ओरडत असते. आणि ते गेले की मलाच माझी लाज वाटते, कारण त्यांनी केलं काय? नातवाचं कौतुक केलं.

पाडव्याला आमच्या दारी गुढी नव्हती. त्या दिवशी आप्पा आले ते धोतराच्या सोग्यात काहीतरी गुंडाळून. होळीतून उरलेला सावरीचा जळका तुकडा. होळीचं लाकूड दाराला बांधलं की घरावरचं वाईट टळतं म्हणून सगळे नेतात, तसा त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवला होता. म्हणाले, "आमच्या बालाच्या होलीचा हाय. तुझ्या दाराला बांध." आणि त्यांनी स्वतः सुतळीने तो चौकटीला बांधला. गाठ काही बसत नव्हती. शेवटी ती गाठ मी मारली. आता घरातून आत-बाहेर करताना तो माझ्या डोक्यावर असतो. सोडायची माझी हिंमत नाही, कारण ते रोज येऊन आधी दाराकडे बघतात.

आता मागणं. येऊन आप्पांना घेऊन जा. बाळ आजोबांशिवाय राहत नाही म्हण, तुझी तब्येत बरी नाही म्हण, काय वाटेल ते म्हण. वाडी बळवंत बघेल. त्यांना समुद्र दिसणार नाही अशा गावी ने आणि मी जिवंत आहे तोवर परत आणू नकोस. काल ते म्हणाले की सावरीच्या बुंध्याला कोंब फुटलाय, उद्या तुला दाखवतो, आणि इतके आनंदाने म्हणाले की सगळं माझ्या ओठांवर आलं. मी तोंडात पदर कोंबून आत गेले. रोज मला हे जमणार नाही. मी त्यांना सांगितलं तर ते त्या बुंध्याशीच जीव देतील, आणि नाही सांगितलं तर मला वेड लागेल. म्हणून तुला सांगितलं. माझ्यावर रागाव, पण त्यांना यातलं कधी कळू देऊ नकोस. बाळ मोठा झाल्यावर त्याला एवढंच सांग की त्याची होळी गावात सगळ्यांत उंच होती. लवकर ये, दमू. ते आज संध्याकाळीही येणार आहेत.

तुझीच,
लाडकी