बस्त्यात ओरडलेला पिन

इस्लामपूर, रविवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आज सगळं घर सांगलीला गेलं होतं. मी शालू बघत होते, तेवढ्यात ह्यांनी माझ्या पर्समधलं गुलाबी क्रेडिट कार्ड काढून थोरल्या भाऊजींच्या हातात दिलं. मला विचारलंसुद्धा नाही! भाऊजी काउंटरवर पोचले, तर पिन ह्यांनी दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडून सांगितला. कवायतीच्या आवाजात! फौज सुटली, आवाज सुटला नाही. चारही आकडे अख्ख्या दुकानानं ऐकले.

मी चिडले, तर जाऊबाई म्हणतात, "तीन-तीन कार्डं हाईत की तुझ्याकडं. एक दिलं तर काय झिजतंय व्हय?"

परात आहे का ती, मागून न्यायला? हप्ते माझ्या पगारातून जाणार! आणि तीन तरी कशाला हवीत मला?

घरी आल्या आल्या बँकेला फोन लावून दोन बंद करायला सांगितली, कात्रीनं कापूनही टाकली. गुलाबी ठेवलं, बस्त्याचे हप्ते फिटेपर्यंत ठेवावंच लागणार. त्याचा पिन बदलला.

"मला बी न्हाई सांगणार व्हय?" हे म्हणाले.

म्हटलं, "तुम्हाला सांगितलं म्हणजे अख्ख्या सांगलीला सांगितलं."

रुसलेत. रुसू देत.