ओठावरचा म

३ जून
पोचलो एकदाचे! होडीवाल्यानं ट्रंक थेट शाळेच्या ओट्यावर आणून ठेवली, मुलांनी पपया आणल्या. मी इथली नवी मास्तरीण, याच बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्याची. भाषा तीच, त्यामुळे परकं वाटलं नाही. गंमत एवढीच की आपला ओठावरचा म, वरच्या ओठाला जीभ टेकवून म्हणायचा, तो इथं कुणाच्याच तोंडी नाही. त्याच्या जागी सरसकट न! माझ्या सहा वर्षांच्या मेतुआला सगळे नेतुआ म्हणतात. तिचा पुढचा दात पडलाय, जीभ घसरते, मग तीही नेतुआच. मास्तरीणबाईंच्या लेकीला स्वतःचं नाव येऊ नये!

५ जून
वर्गात तो म घेतला. पोरं जिभा काढून खिदळत होती. मेतुआला काही केल्या जमेना, तिला सगळ्यांदेखत रागावले. तेवढ्यात बुबू रोसेल, गावची थोरली आजी, आत घुसली आणि झावळीच्या हिरानं एकेकाच्या तोंडावर फटके मारत सुटली. मला म्हणाली, ए बाई, जीभ आत घाल. इथं बुडालेल्यांची प्रेतं मिळत नाहीत. ते खडकाखाली हाकेची वाट बघत बसलेत. त्यांची नावं याच म नं सुरू व्हायची, म्हणून आम्ही तो टाकला. कानावर पडला की त्यांना वाटतं, घरी बोलावलंय. मी म्हटलं, बुबू, भुतांना भिऊन भाषा टाकायची होय? ती माझ्या पायाशी थुंकली.

९ जून
वर्ग ओस. कुणी अळकुड्या देत नाही, विहिरीवर बायका पाठ फिरवतात. गावप्रमुखानं निरोप धाडला, आगाऊपणा नडेल. नडू दे! भर दुपारी ओहोटीला खडकावरून तो म ऐकू आला. माझ्या आजीसारखा, स्वच्छ. वाटलं, चला, एखादं पोर तरी सराव करतंय.
खडकावर कुणीच नव्हतं.

१२ जून
मेतुआ खडकाकडे तोंड करून बोलत बसते. मला म्हणाली, त्या बायका मला नाव शिकवतायत, आई, मग तू रागावणार नाहीस ना?
ट्रंक भरायला घेतली. उद्याच्या होडीनं निघायचं. गेली खड्ड्यात नोकरी.

१३ जून
होडी यायच्या आत — मेतुआ पाण्यात — कमरेएवढ्या. बुबू मागून ओरडत होती, नेतुआ म्हण, बाई, नेतुआच म्हण! पण माझ्या तोंडून घाईत — ओठावरचा म. सवयीनं.
ती वळली. आली. उचलून आणली, कडी घातली.

नंतर
गार पडलीय. पण आली ना. मांडीवर बसून नाव घेतेय. मेतुआ. मेतुआ. जीभ नेमकी ओठावर. एकदाही घसरत नाही.
आणि दात — पुढचे सगळे —

भरती चढतेय. बाहेर पाण्यात कुणीतरी रडतंय. आई, मी नेतुआ — आई, नेतुआ —

कडी काढते — ही सोडत नाही — बोटं माझ्या ओठां