चपला बघून कडी

१२ मार्च २०२५, बुधवार

नाशिकला पोचले एकदाची. सोबत बारा बर्फाचे दांडे, समुद्रावरच्या बर्फाला यंत्राने भोक पाडून काढलेले, शीतगाडीतून, अंटार्क्टिकच्या समुद्रावरून गोवामार्गे. कॉलेजातली मुलं माझ्याकडे सर्कशीतला हत्ती आल्यासारखी बघत होती. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारपासून ध्रुवीय महासागर आणि हवामान बदल यावर कार्यशाळा. भूगोलाच्या प्राध्यापिका सुवर्णा निकम यांनी सगळा घाट घातलाय. द्राक्षबागायतदारही येणार आहेत. अवकाळीने त्यांची झोप उडवली आहे आणि दूरच्या बर्फाचा आपल्या घडांशी काय संबंध ते त्यांना ऐकायचंय. गुरुवारी सगळ्यांसमोर सगळ्यात लांब दांडा कापून दाखवायचा. तो नीट कापला गेला की प्रकल्प माझ्या नावावर होईल, असं गोव्याच्या संस्थेतल्या साहेबांनी सांगितलंय.

बर्फ ठेवलाय पिंपळगाव बसवंतला, एका शीतगृहात. द्राक्षांच्या खोल्या शून्य अंशाच्या, पण मागे मटार-मक्याची एक खोली उणे वीसची आहे. समुद्री बर्फात खाऱ्या पाण्याच्या केसासारख्या नळ्या असतात. गारवा कमी झाला की ते पाणी गळतं आणि त्यातली समुद्राची नोंद पुसली जाते. म्हणून उणे वीस म्हणजे उणे वीस.

तिथले मल्हारीभाऊ तीस वर्षं गारठ्यात काम करतात आणि उन्हाळ्यातही कानाला मफलर. त्यांनी आधी नियम शिकवला. आत जाणाऱ्याने आपली पादत्राणं दाराबाहेर काढायची आणि तिथले गमबूट घालायचे. बाहेर एक जरी जोड असला तरी दाराला कडी घालायची नाही. आतून उघडायची दांडी गेल्या हंगामात मोडली, मालक म्हणतात द्राक्षं संपली की बघू. "चपला बघून कडी, मॅडम," असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं, बाराखडीसारखं.

तीन वर्षांपूर्वी हे दांडे काढले तेव्हा जहाजावरही असंच होतं. बर्फावर उतरणाऱ्याचा बिल्ला फळ्यावर 'बाहेर' या बाजूला, परत आला की 'आत'. असो. आत पेन गोठतं, त्यामुळे ही वही आणि शिसपेन्सिल कायम पर्समध्ये.

१५ मार्च, शनिवार

आज डोकं फिरलं. दुपारी बाराला गेले तर दार नुसतं लोटलेलं. कडीशिवाय रबर घट्ट बसत नाही, गारवा उणे पंधरावर आलेला. मल्हारीभाऊ दारासमोर स्टुलावर बसून होते. कारण काय, तर बाहेर एक जोड आहे आणि तो कोणाचा ते कळत नाही.

जाड तळव्याचे मोठे बूट. ओले. कडांवर पांढरं मीठ सुकलेलं.

भाऊ आत दोनदा पाहून आले होते, मीही पोत्यांमागे वाकून पाहिलं. कोणी नाही. तरी कडी घालायला ते तयार होईनात. म्हणाले, "बूट हाय म्हणजे मानूस हाय." मी म्हटलं, बूट आहे म्हणजे बूट आहे. शेवटी मीच तो जोड उचलला, रिकाम्या क्रेटच्या ढिगामागे फेकला आणि कडी घातली. भाऊ दाराला हात टेकवून उभे राहिले.

बूट इतके गार होते की बोटं अजून दुखतायत. बाहेर ऊन सदतीस अंश.

१६ मार्च, रविवार

पुन्हा तिथेच. तोच जोड, बोटं दाराकडे वळलेली. गारवा उणे चौदा.

भाऊंशी वाद घालून उपयोग नव्हता, मालकांकडे गेले. कागद लिहून दिला, खाली माझी सही: "ओळख न पटलेली पादत्राणं दारातून हलवावीत व दार ठरल्या वेळी कडी घालून बंद करावं." मालकांनी तो दारावर चिकटवला. भाऊंनी तो वाचला आणि म्हणाले, हा नियम चुकीचा हाय मॅडम, पण तुमची सही हाय. तीन दिवसांनी रंगपंचमी आहे म्हणून रजा मागून घेतली त्यांनी. जाऊ देत.

संध्याकाळी सुवर्णाताईंनी फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं की उद्‌घाटनाला एक खास पाहुण्या आहेत. बर्फ काढणारा तंत्रज्ञ कुंदन आपल्याच कळवणचा, हे त्यांना कुठूनतरी कळलं. त्याच्या आईचा सत्कार करायचाय. मी छान म्हटलं.

छान कसलं. जेवण गेलं नाही.

१७ मार्च, सोमवार

कुंदनच्या आईला, रंगूबाईंना, शाल-नारळ माझ्याच हातून दिलं. बारीक बाई, डोक्यावर पदर, टाळ्या वाजत होत्या तेव्हा त्या पडद्यावरच्या बर्फाकडे बघत होत्या. चहाच्या वेळी माझ्याजवळ आल्या आणि एकच विचारलं, त्याला शेवटचं कोणी पाहिलं.

मी अपघाताच्या अहवालातलं सांगितलं. कुंदनने बहुधा स्वतःच बिल्ला 'आत' करून ठेवला, मग एकटाच पुन्हा उतरला, बर्फाचा तुकडा फुटला, क्षणात सगळं संपलं. त्रास झाला नाही.

त्या म्हणाल्या, "त्याची चप्पल घरच्या दाराशीच हाय. उचलू दिली नाय कोनाला." तीन वर्षं झाली. दहावं-तेरावं काही केलं नाही म्हणे, कारण तो आत की बाहेर हे कोणी सांगितलंच नाही.

माझं दुपारचं भाषण फार चांगलं झालं असं सगळे म्हणतात. मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही.

१८ मार्च, मंगळवार

इथे तरी खरं लिहिते. खाई त्याला खवखवे.

कुंदनचा बिल्ला मी हलवला. वारा सुटला होता, नारिंगी कपड्यातले चौघे शिडी चढताना दिसले. उतरले होते पाच, मी पाचही आले असं धरलं. दांडे पेटीत आले होते, मला ते लवकर गारठ्यात ठेवायचे होते. वायरलेसवर कप्तानाला सांगितलं, सगळे आले, चला निघू. दांडे मात्र दोनदा मोजले होते. कुंदनचं ताट भरलेलंच राहिलं तेव्हा सात तास झाले होते. परत गेलो तर नुसतं काळं पाणी. मग मी अहवाल लिहिला.

आज सकाळी पेटी उघडली. तेरा दांडे आहेत.

तेरावा ताजा. चिठ्ठीवर कुंदनचंच अक्षर, त्याचा तो लांब शेपटीचा सात. खोली, खारेपणा, आणि तारीख. तारीख आम्ही निघालो त्याच्या तिसऱ्या दिवसाची.

म्हणजे तो क्षणात गेला नाही. तीन दिवस होता. आणि काम करत होता —

गुरुवारी ही पेटी सगळ्यांसमोर उघडायचीय. रंगूबाई पहिल्या रांगेत. उद्या रंगपंचमीची सुट्टी, शीतगृहात एखादाच माणूस असेल. तेरावा बाहेर काढायचा. फोडून उन्हात ठेवला की अर्ध्या तासात पाणी. कोणाला कळणार नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी ९.४०. रस्त्यात पोरांनी गाडीवर रंग फेकला. नाशकात रहाडी उघडल्यात, सगळे रंगाच्या हौदात उड्या मारायला गेले. इथे फक्त चंदर, बदली पहारेकरी, तिकडे फाटकाजवळ. त्याने मला पाहिलं नाही. बरंच झालं.

दारात बूट नाहीत. हायसं वाटलं. माझे जांभळे सँडल काढले, गमबूट घातले. पाच मिनिटांचं काम.

१०.०५. आत आहे. चिठ्ठी काढून खिशात घातली, पण दांडा उचलत नाही. पेटीच्या तळाला चिकटलाय. लोखंडी पट्टीने उचकटून बघते.

१०.२० — कडी.

कडीचा आवाज आला. नक्की. दार ढकललं, हलत नाही. ओरडले. या भिंती वीतभर जाड. फोनला रेंज नाही. आतली दांडी नुसती फिरते.

सँडल बाहेर आहेत माझे. तो बघेल. बघायलाच हवेत —

१०.४०. कागद. दारावरचा माझाच कागद. चंदर मला ओळखत नाही. सँडल कोणाचे त्याला काय माहीत. ओळख न पटलेली पादत्राणं — माझी सही —

मल्हारीभाऊंनी कडी घातली नसती. कधीच नसती घातली.

११.१५. उणे वीस. बरोब्बर. आता हवं तसं.

बोटं वळत नाहीत. पोत्यांवर बसलेय. पलीकडच्या कोपऱ्यात काहीतरी घरघरतंय, बर्फाला भोक पाडताना घरघरतं तसं. थांबतं. पुन्हा. घाई नाही त्याला.

रंगूबाई, मी खोटं सांगितलं. तो तीन दिवस होता. ही वही सापडली तर त्यांना —

११. किती ते दिसत नाही

घरघर थांबली. बूट वाजले. दाराकडे गेले. दार उघडलं नाही तरी बाहेर गेले. ओला वास. खारा.

बाहेर चंदर आहे. आवाज येतोय, कसा येतोय, इतकं जाड दार. विचारतोय, आत कोनी राहिलं का. मी ओरडतेय. तोंडातून नुसती वाफ

त्याला कोणीतरी उत्तर देतंय. ओळखीचा आवाज. शांत. कळवणचा. म्हणतो, नाय, कोनी नाय. सगळे आले, चला नि