चव्वेचाळीस टक्क्यांचा नेता

१२ जून
पन्नास टक्क्यांच्या आतल्या माझ्या बंधुभगिनींनो! निकाल लागल्यापासून लोक आपल्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आजारी माणसाकडेही बघत नाहीत.
(भाषणाची सुरुवात. झकास जमली आहे. प्रसंग मिळताच वापरणे.)
मला चव्वेचाळीस. गणितात काठावर. पण वक्तृत्वाच्या ढाली कपाटावर मावत नाहीत. मोठी कॉलेजं माणूस बघतात. तीन ठिकाणी अर्ज केले, सोबत ढालींचे फोटो.

१६ जून
ताई म्हणते, फर्निचरच्या दुकानावरच्या कॉलेजात अजून जागा आहेत, मार्क विचारत नाहीत, आजच जा. म्हटलं, जिथे जिन्यात सोफे रचलेत तिथे विचार कसे वाढणार? म्हणाली, "विचार मागाहून वाढव. आधी नाव घाल."
बाबांचं एकच वाक्य: शुक्रवारपर्यंत अ‍ॅडमिशन, नाहीतर शनिवारपासून आपल्या लाँड्रीत इस्त्री. बाबांना वक्तृत्वाचं अंग नाही.

१८ जून
तिन्हीकडून नकार. ढालींबद्दल अवाक्षर नाही. फोटो उघडलेच नसणार.
संकल्प: उद्यापासून सहाला उठून इंग्रजी.

१९ जून, सकाळी साडेदहा
आत्ताच उठलो. चिंतनामुळे उशीर. फर्निचरवाल्या कॉलेजाला संधी द्यायचं ठरवलं. जाईन उद्याच. आज गेलो तर गरजू दिसेन.

२० जून, शुक्रवार
जिन्याखाली बरीच मुलं-मुली घुटमळत होती. सगळी आपल्यातलीच. वर जायची लाज, म्हणून सोफ्यांच्या किमती विचारत होती. त्यांत माझा वर्गमित्र भोपळ्याही. (चाचणीत शून्य मिळाल्यापासून हेच नाव.) तो डायनिंग टेबल बघत होता.
माझं रक्त उसळलं. दुकानातल्या स्टुलावर चढलो. "लाज त्यांना वाटू द्या, ज्यांनी आपल्याला आकड्यांत मोजलं! मान वर करा आणि जिना चढा!"
सभा पेटली. एकेक जण वर जाऊ लागला. मी बोलतच राहिलो. रंगात आल्यावर थांबणं माझ्या स्वभावात नाही. शेवटी दुकानदार तेवढा उरला. त्याने टाळ्या वाजवल्या आणि स्टूल मागितलं.
वर गेलो. खिडकीतल्या क्लार्क बाई घाम पुसत होत्या. म्हणाल्या, "सकाळपासून चिटपाखरू नव्हतं. खाली कोण एवढं ओरडत होतं कोण जाणे, सगळ्या जागा भरल्या बघ."
वेटिंग लिस्टवर माझा पहिला नंबर. ढाली सोडल्या तर आयुष्यातला पहिलाच पहिला नंबर. ताईला सांगितलं. ती बराच वेळ हसत होती. आनंदाने असावं.

२१ जून, लाँड्रीत
इस्त्री तापते आहे. बाबांनी समोर शर्टांचा डोंगर ठेवलाय.
भोपळ्या येऊन गेला. सोमवारी कॉलेजचा पहिला दिवस, कॉलर कडक हवी म्हणाला. वर म्हणाला, "तू बोललास म्हणून वर गेलो रे, नाहीतर घरी परतणार होतो."
बंधुभगिनींनो! मी तुम्हांला जागं केलं. बदल्यात एकच मागणं. सोमवारी खिडकी उघडताच तुमच्यापैकी एकाने, फक्त एकाने, आपली अ‍ॅडमिशन रद्द करा.
भोपळ्या, तूच जा. शर्ट फुकटात करून देतो.